दोनशे शब्दांत एक माणूस

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी अपहरण केलेली विमानं आदळून न्यूयॉर्कमधले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे कोसळले. त्यानंतर कितीतरी दिवस आपली नेमकी किती माणसं गेली हे त्या शहराला सांगता येत नव्हतं. विमानांतल्या प्रवाशांच्या याद्या होत्या. अग्निशमन दलाला आपले ३४३ जवान परतले नाहीत हे कळलं होतं. पण त्या सकाळी त्या इमारतींत कोण कामाला आलं होतं, कोण नाश्त्याच्या बैठकीला आलं होतं, कोण नुसतं काही पोहोचवायला वर गेलं होतं, याची एकत्र नोंद कुणाकडेच नव्हती. सप्टेंबरच्या अखेरीस बेपत्ता माणसांचा आकडा सहा हजारांच्या वर गेला. एकाच माणसाची तक्रार पत्नीने एकीकडे, भावाने दुसरीकडे आणि कंपनीने तिसरीकडे केलेली, प्रत्येक ठिकाणी नावाचं स्पेलिंग वेगळं. छाननी होत होत न्यूयॉर्कचा आकडा शेवटी २,७५३ वर स्थिरावला.

मला या प्रकरणात रस आहे तो आकडा ठरण्याआधीच्या दिवसांत. यादी नाही, मृतदेह हाती लागलेला नाही, माणूस गेला हे घरच्यांनी मानलेलं नाही, आणि वर्तमानपत्राला त्याच्याबद्दल लिहायचं आहे. अशा वेळी काय लिहायचं? ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तेव्हा जे केलं ते ‘पोर्ट्रेट्स ऑफ ग्रीफ’ या नावाने ओळखलं जातं. ज्यांच्याबद्दल एरवी कुठल्याच वर्तमानपत्राने ओळ लिहिली नसती, अशा माणसांबद्दल इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या शिस्तीने लिहिलेलं माझ्या वाचनात दुसरं नाही. त्यात दोषही आहेत आणि त्यांच्याबद्दलही बोलायला हवं.

भिंतीवरचे कागद

मनोरे पडले त्याच दिवसापासून नातेवाईक कागद घेऊन हिंडू लागले. लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर लष्कराची एक जुनी इमारत आहे. तिथे कुटुंबांसाठी केंद्र उघडलं होतं. त्या इमारतीच्या भिंतींवर, सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाच्या बाहेर, बसथांब्यांवर, टेलिफोनच्या खोक्यांवर हे कागद चिकटले. वर ‘बेपत्ता’, खाली उंची, वजन, डोळ्यांचा रंग, अंगावरची खूण, कुठल्या मनोऱ्यात, कितव्या मजल्यावर, आणि संपर्काचा नंबर. फोटो मात्र घरातले. लग्नातला, सहलीतला, मांडीवर मूल घेतलेला.

पोलिसांना उपयोगी पडावा म्हणून लिहिलेला हा मजकूर बातमीदारांसाठी पहिली यादी ठरला. कागदावरच्या नंबरवर फोन लावायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं. १५ सप्टेंबरच्या शनिवारी पहिली छोटी व्यक्तिचित्रं छापून आली. तेव्हा शीर्षकात ‘बेपत्तांपैकी’ अशा अर्थाचे शब्द होते, कारण ही माणसं गेली असं म्हणायची सोय नव्हती. पलीकडून बोलणारी बायको ‘त्यांना अमुक आवडतं’ असंच सांगत होती. तिचं वाक्य भूतकाळात बदलून छापायचा हक्क बातमीदाराला कुणी दिला? आठवडा उलटायच्या आत शीर्षक बदललं आणि ‘पोर्ट्रेट्स ऑफ ग्रीफ’ हे नाव आलं. महानगर विभागाचे संपादक जोनाथन लँडमन होते. सदराची कल्पना आणि रोजचा मजकूर यांत क्रिस्टीन के या संपादिकेचा हात मोठा. शंभराहून अधिक बातमीदारांनी आळीपाळीने हे काम केलं. इतर विभागांतले लोकही त्यात ओढले गेले.

३१ डिसेंबर २००१ पर्यंत हे सदर रोज चाललं. नंतर जशी कुटुंबं भेटत गेली, तशी अधूनमधून भर पडत राहिली. पुढच्या वर्षी निघालेल्या संग्रहात १,९१० व्यक्तिचित्रं होती आणि नंतर ही संख्या चोवीसशेच्या पुढे गेली. पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक २००२ मध्ये सार्वजनिक सेवेसाठी या वर्तमानपत्राला ज्या खास पुरवणीसाठी मिळालं, तिचाच हे सदर एक भाग होतं.

एरवीचा नियम

या निर्णयाचं वजन कळायला एरवी काय चालतं ते पाहायला हवं. त्या वर्तमानपत्रात मृत्युलेख मिळणं हा मान आहे आणि तो कुणाला द्यायचा हे संपादक ठरवतात. बाकीच्यांसाठी पैसे भरून छापायची निधनसूचना. ज्यांना मान मिळणार हे नक्की, त्यांचे लेख माणूस जिवंत असतानाच तयार असतात. असे हजाराहून जास्त लेख कपाटात पडून असतात. एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांचा जो मृत्युलेख छापून आला तो लिहिणारे मेल गसो स्वतः २००५ मध्येच वारले होते. एकीकडे लेखकाच्या पश्चात टिकणारी ही पूर्वतयारी, दुसरीकडे भिंतीवरच्या कागदावरून लावलेला एक फोन.

शिवाय मान्यवर म्हणजे कोण, हे ठरवणाऱ्यांची नजरही तपासावी लागते. २०१८ च्या महिला दिनी याच वर्तमानपत्राने जाहीर कबूल केलं की १८५१ पासूनचे आपले मृत्युलेख बहुतांशी गोऱ्या पुरुषांचे आहेत आणि अगदी अलीकडच्या दोन वर्षांतही स्त्रियांचं प्रमाण पाचात एकाच्या जरासंच वर आहे. मग राहून गेलेल्यांवर लिहायला सुरुवात झाली. पहिल्याच पंधरा जणींत १९६९ मध्ये मुंबईत वारलेली मधुबाला होती. त्याच वर्षी पुढे पंडिता रमाबाईंवरही लेख आला. रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी पैसा उभा केला, बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने संस्था निघाली, त्या पैशातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन. अमेरिकेला इतकी परिचित असलेली बाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेली, आणि त्या देशातल्या प्रमुख वर्तमानपत्रात तिचा मृत्युलेख यायला ९६ वर्षं लागली. रमाबाईंची ही गत, तर बशा धुणाऱ्याची कथा काय सांगावी!

सारखं माप

‘पोर्ट्रेट्स’चं माप साधारण दोनशे शब्दांचं. एक छोटा फोटो, नाव, चार-पाच शब्दांचा मथळा आणि खाली मजकूर. शिक्षण, पदं, बढत्या, पुरस्कार यांची जंत्री मुद्दाम टाळलेली. तिच्या जागी माणसाची एखादी सवय, एखादा हट्ट, एखादा प्रसंग. हे रूढ अर्थाने मृत्युलेख नाहीत, असं ते लिहिणारेच सांगत असत.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सगळ्यांना एकच माप. उत्तरेकडच्या मनोऱ्यात १०१ ते १०५ या मजल्यांवर कँटर फिट्झजेराल्ड या रोखे व्यवहाराच्या कंपनीची कचेरी होती. तिथली ६५८ माणसं गेली. त्यांच्या डोक्यावर, १०६ आणि १०७ मजल्यांवर, ‘विंडोज ऑन द वर्ल्ड’ हे उपाहारगृह. तिथले ७३ कामगार गेले: आचारी, वाढपी, भांडी घासणारे, देशोदेशींहून आलेले. वर्षाला लाखो डॉलर कमावणारा दलाल आणि तासाच्या मजुरीवर कांदे चिरणारा मदतनीस यांच्यात त्या सकाळी काही जिन्यांचं अंतर होतं. वर्तमानपत्राच्या पानावर ते अंतरही उरलं नाही. दोघांना तेवढीच जागा, तेवढ्याच आकाराचा फोटो.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. दलालाच्या घरी फोन उचलणारी माणसं होती, बोलायची सवय होती, कंपनीकडे फोटो होते. कागदपत्रांविना राहणाऱ्या कामगाराच्या घरचे पुढे यायला घाबरत होते. नाव दिलं तर उद्या सरकार आपल्यालाच बाहेर काढेल ही धास्ती. काहींचं कुटुंब दुसऱ्या देशात, काहींनी कामावर वेगळंच नाव लावलेलं. जागा सारखी ठेवायची तर शोध सारखा ठेवून भागत नाही, ज्याचा माग लागत नाही त्याच्यामागे जास्त धावावं लागतं. तरीही शेकडो माणसं राहिलीच. काहींपर्यंत पोहोचता आलं नाही आणि काही घरांनी नको म्हणून सांगितलं. ते ‘नको’ पाळलं गेलं, हे मला योग्य वाटतं. दुःख चारचौघांत मांडायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

सगळेच चांगले?

आक्षेप लवकरच आले. सगळ्यात ठळक आक्षेप असा, की ही माणसं सगळी एकाच साच्यातली वाटतात. प्रत्येक बाप मुलांमध्ये रमणारा, प्रत्येक नवरा बायकोवर जीव टाकणारा, प्रत्येकजण हसतमुख. अडीच हजार माणसांत कुणी चिडका नव्हता? कुणाचं घरात पटत नव्हतं, कुणी दारूत बुडाला होता, असं काहीच नाही? आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की अशा गोडव्याने मेलेल्या माणसाचं माणूसपणच जातं.

यात तथ्य आहे. एका बैठकीत तीस-चाळीस व्यक्तिचित्रं वाचली की हे जाणवतंच. पण मला दोष वाटतो तो सौजन्याचा नाही, एकाच फोनचा. आठवड्यापूर्वी नवरा गेलेल्या बाईला त्याच्या स्वभावातली खोट विचारायची नसते आणि तिनेही सांगायची नसते. ती खोट सांगतो तो बरोबर काम करणारा, धाकटा भाऊ, शाळेपासूनचा दोस्त, आणि तोही प्रेमानेच सांगतो. ‘फार तोंडाळ होता, पण पगाराच्या दिवशी पहिला हाच उसने परत करायचा’ हे वाक्य बायको बोलत नाही, मित्र बोलतो. दुसरा फोन झाला असता तर साचा मोडला असता. रोज पंधरा-वीस माणसं लिहायची, तर दुसऱ्या फोनला वेळ कुठून आणणार, हेही खरं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. त्याच ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं. तिथल्या गावांत बाँबखाली मेलेल्या साध्या लोकांची नावंसुद्धा फारशी कुणी विचारली नाहीत. दोनशे शब्द मिळाले की मृत माणूस आपला होतो. न मिळाले की तो आकडा राहतो, आणि आकड्याचं कुणाला रडू येत नाही. न्यूयॉर्कच्या भांडी घासणाऱ्याला जागा देणारं वर्तमानपत्र काबूलच्या भांडी घासणाऱ्यापर्यंत गेलं नाही. सारख्या मापाचा आग्रह देशाच्या सीमेवर थांबला. हे मान्य करूनही मी या सदराला मोठं मानतो, कारण सीमेच्या आत तरी ते माप खरोखर पाळलं गेलं आणि तेवढंही आपण क्वचित पाहतो.

पुढे २०११ मध्ये, दहा वर्षांनी, वर्तमानपत्र काही कुटुंबांकडे परत गेलं. कुणी पुन्हा लग्न केलं होतं, कुणाचं मूल बापाच्या फोटोवरून बाप ओळखत मोठं झालं होतं. पहिल्या लेखात जे मावलं नव्हतं त्यातलं थोडं इथे आलं. मे २०२० मध्ये, अमेरिकेतले करोनाचे बळी एक लाखाला टेकले तेव्हा, त्याच वर्तमानपत्राने २४ तारखेचं पहिलं पान फोटोविना, एक हजार नावांनी भरलं. प्रत्येक नावापुढे त्या माणसाबद्दल एक ओळ, आणि त्या ओळी देशभरच्या लहानमोठ्या वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांतून उचललेल्या. म्हणजे कुठल्या तरी तालुक्याच्या गावी कुणीतरी आजीबद्दल एक नेमकं वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून राजधानीच्या तोडीच्या पानावर ते लागू शकलं.

आपल्याकडचा रकाना

इथे मला आपल्या ‘निधन वार्ता’ आठवतात. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बसणाऱ्या कुणालाही त्यांचा मजकूर तोंडपाठ असतो. ‘अमुक गावचे ज्येष्ठ नागरिक तमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. ते ८२ वर्षांचे होते. मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाचे म्हणून ते परिचित होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, विवाहित मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे. पतसंस्थेचे संचालक अमुक यांचे ते वडील होत.’ शेवटच्या वाक्याकडे नीट पाहा. बातमी बहुधा त्या वाक्यामुळे लागलेली असते. गेलेल्या माणसाची ओळख हयात संचालकावरून. बाई गेली असेल तर आधी कुणाची पत्नी, मग कुणाची मातोश्री, आणि चाळीस वर्षं तिने हाताने काय केलं याचा पत्ता नाही. पिठाची गिरणी चालवली असेल, पाच गावांत बाळंतपणं केली असतील, डब्यांवर तीन मुलं शिकवली असतील, तरी ‘धार्मिक वृत्तीच्या’ या दोन शब्दांत सगळं बसवलं जातं.

या रकान्याला मी नावं ठेवत नाही. दहावा-तेरावा कुठे, कधी, हे गावाला कळवणं हे त्याचं काम आणि ते तो चोख करतो. घरच्यांना त्या दिवशी दुसरं काही सुचतही नाही. कुणीतरी पुतण्या मागच्या वेळचा मजकूर काढतो, नावं बदलतो आणि व्हॉट्सॲपवर वार्ताहराला धाडतो. पण तेवढ्यावर थांबायची गरज नाही.

समजा, एसटीतून निवृत्त झालेला एक वाहक गेला. ‘स्वभाव कसा होता?’ असं विचारलं तर मुलगा ‘मनमिळाऊ’ म्हणणार. दुसरं काय म्हणेल? त्याऐवजी विचारावं, निवृत्तीनंतर सकाळी किती वाजता उठायचे? मग बायको सांगते, चारलाच, पहिल्या गाडीची सवय जन्मभर गेली नाही. उठून करायचे काय? काही नाही, अंगणात खुर्ची टाकून पहिली गाडी फाट्यावरून जायची वाट बघायचे, उशीर झाला की चिडायचे. प्रवासाला गेले की? स्वतःच्या तिकिटाचे सुट्टे पैसे आधीच मोजून मुठीत धरलेले असायचे, पलीकडच्या वाहकाला मोडीचा त्रास नको म्हणून. मग दुसरा फोन डेपोतल्या जुन्या चालकाला. तो सांगणार, मुक्कामी गाडीला हा सोबत असला की झोप मिळायची नाही, रात्री बारापर्यंत वेबिलाचा हिशेब लावत बसायचा आणि चार आण्याची तफावत आली तरी मला उठवायचा. झाले दीडशे शब्द. यात ‘मनमिळाऊ’ कुठेच नाही, उलट माणूस थोडा तापटच दिसतो. ज्यांनी त्याच्या गाडीतून शाळा-कॉलेज केलं, ते वाचताक्षणी म्हणतील, हो, हेच ते.

मोठ्या घटनांत तर हे आणखी निकडीचं असतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईत १६६ माणसं गेली. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे ही नावं आपल्याला पाठ आहेत आणि असायलाच हवीत. त्याच रात्री सीएसटीच्या फलाटांवर, सामानावर डोकं टेकून गाडीची वाट पाहणारी पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. त्यांतल्या एकाचं तरी नाव आपल्याला पटकन सांगता येतं का? मला येत नाही, आणि माझ्या ओळखीच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांनाही येत नाही. त्यांच्यावर तेव्हा जे काही छापून आलं असेल ते आपल्या लक्षात राहिलेलं नाही. जागा, दिवस आणि माप ठरलेलं, शेवटच्या नावापर्यंत चालणारं सदर असतं तर राहिलं असतं. ‘पोर्ट्रेट्स’ लोकांनी लक्षात ठेवली यात लेखणीइतकाच वाटा त्या रोजच्या ठरलेल्या पानाचा आहे. न्यूयॉर्कचे वाचक ते पान महिनोन्‌महिने नेमाने वाचत होते.

जिल्हा आवृत्तीला शंभर बातमीदार मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण आठवड्याला एक माणूस जमू शकतो. त्या आठवड्याच्या निधन वार्तांतून एक नाव निवडायचं आणि निवडताना पतसंस्था, कारखाना, पक्ष यांच्याशी नातं सांगणारी वाक्यं झाकून ठेवायची. माजी सभापतींना दोनशे शब्द, तर खानावळवाल्या मावशींनाही दोनशेच. एक फोन घरी, तोही तेराव्यानंतर. दुसरा फोन घराबाहेरच्या माणसाला, आणि तो झाल्याशिवाय मजकूर पानावर जाऊ द्यायचा नाही. जाहिरात विभागाचा या जागेशी संबंध नको, नाहीतर वर्षभरात तिथे पुण्यस्मरणाच्या जाहिराती येतील आणि मावशी पुन्हा ‘धार्मिक वृत्तीच्या’ होतील.